‘वातानुकूलित’ म्हणजे कोणाला अनुकूल?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला माझी जागा ठरलेली असते. मागल्या खोलीत, मसालेभाताच्या पातेल्यापाशी. भाषणे मी तिथूनच ऐकते. या वर्षी मात्र अध्यक्षबाईंनी गळच घातली की, “भात दुसरे कोणी पाहील, तुम्ही चार शब्द बोला.” माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची माझी योग्यता नाही हे मला ठाऊक आहे. पण एका शब्दाने मला दोन वर्षे बरेच काही शिकवले, तेवढे सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

तो शब्द आहे ‘वातानुकूलित’. एसटीच्या गाडीवर, आगगाडीच्या डब्यावर, मंगल कार्यालयाच्या पाटीवर आपण तो रोज पाहतो. वाचतो मात्र किती जणी? बहुतेक जणी ‘एसी’ म्हणतात आणि मोकळ्या होतात. मीही तेच करीत होते. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीने आय.टी.आय.ला जायचे ठरवले. तिने विषय निवडला तो ‘प्रशीतन व वातानुकूलन’, म्हणजे फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा. घरात बरीच चर्चा झाली. मुलीच्या जातीने शिडीवर चढून भिंती फोडायच्या का, असे नातेवाइकांनी विचारले. हे म्हणाले, “तिला जमत असेल तर शिकू दे.” मी तिच्याबरोबर अर्ज द्यायला गेले.

तिथल्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाने विचारले, “कोणता ट्रेड?” कागद माझ्या हातात होता. मी वाचू लागले, “वाता... वातानु... वातानकुलन.” तो हसला. म्हणाला, “बाई, एसी म्हणा. सोपं आहे.” रांगेतली मुलेही हसली. माझ्या मुलीने मान खाली घातली. मला स्वतःच्या फजितीचे एवढे वाटले नाही, पण तिची ती खाली गेलेली मान माझ्या मनातून जाईना. जो विषय मुलगी शिकणार त्याचे नाव आईला घेता येऊ नये, हे बरे नव्हे. बसमध्ये बसल्यावर मी तिला म्हटले, “आधी मला हा शब्द नीट म्हणायला शिकव. तुझे शिक्षण मग.”

तर भगिनींनो, आधी उच्चार. वा-ता-नु-कू-लि-त. सहा अक्षरे आहेत. ‘कू’ दीर्घ आणि ‘लि’ ऱ्हस्व. पुष्कळ पाट्यांवर हे उलटे लिहिलेले आढळते, ‘कु’ ऱ्हस्व आणि ‘ली’ दीर्घ. ते चूक. शेवटी ‘इत’ आहे, तो ‘शिक्षित’, ‘लिखित’, ‘सुशोभित’ यांतलाच. ‘शिक्षित’मधली ‘क्षि’ आपण लांबवीत नाही, तशी इथली ‘लि’ही लांबवायची नाही. एका दमात होत नसेल तर मध्ये तोडा. आधी ‘वात’ म्हणा, मग ‘अनुकूलित’ म्हणा आणि मग दोन्ही जोडा. मी भाजी निवडताना आठ दिवस म्हणत होते.

आता अर्थ. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. मी शब्द फोडून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “वाताला अनुकूल? मग त्या खोलीत मी पाऊल ठेवायची नाही. माझा वात आधीच काय कमी आहे?” आम्ही खूप हसलो. पण त्यांचे अगदीच चूक नव्हते. आपण मराठीत ‘वात’ म्हणतो तेव्हा दोनच गोष्टी आठवतात, सांध्यांतला वात आणि निरांजनातली वात. निरांजनातली वात वेगळी. ती संस्कृत ‘वर्ति’पासून आली. सांध्यांतला वात आणि पाटीवरचा वात मात्र एकच. वात म्हणजे वारा, हवा. वैद्यांनी शरीरातल्या वायूला तेच नाव दिले, म्हणून सासूबाईंना भीती वाटली.

पुढचा तुकडा ‘अनुकूल’. माझी जाऊ म्हणाली, “त्यात कूल आहेच की. कूल म्हणजे थंड.” इंग्रजी शाळेतली मुलेही असेच समजतात. ऐकायला मोठे बेमालूम वाटते, पण हा निव्वळ योगायोग आहे. आपल्या वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मी विचारले, तेव्हा त्यांनी शब्दकोश काढून दाखवला. संस्कृतात ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. ‘अनु’ म्हणजे धरून, मागोमाग. काठाला धरून, प्रवाह जातो तिकडे जाणारे ते अनुकूल. त्याच्या उलट जाणारे ते प्रतिकूल. त्या काठावरूनच पुढे सोयीचे, मानवणारे असा अर्थ आला. म्हणजे वातानुकूलित या अख्ख्या शब्दात थंडी कोठेच नाही! ज्या ठिकाणी हवा मानवेल अशी करून घेतली आहे ते ठिकाण वातानुकूलित, एवढाच त्याचा अर्थ. कडाक्याच्या थंडीत खोली ऊबदार केली तरी ती वातानुकूलितच म्हणायची.

इंग्रजी शब्दाचेही तसेच आहे. ‘एअर’ म्हणजे हवा आणि ‘कंडिशन’ म्हणजे स्थिती. गाडी चांगल्या कंडिशनमध्ये आहे असे आपण म्हणतोच. हवेला हव्या त्या स्थितीत आणणे म्हणजे एअर कंडिशनिंग. त्यातही थंड हा शब्द नाही. आपण ए आणि सी ही पहिली अक्षरे तेवढी ठेवली आणि थंडी आपल्या मनाने त्यात घातली.

मग हा शब्द आला कोठून? माझी समजूत अशी की, कोणा श्रीमंत माणसाला उकडले असेल आणि त्याने हे यंत्र करून घेतले असेल. मुलीने तिच्या अभ्यासातले सांगितले तेव्हा मी थक्क झाले. अमेरिकेत विलिस कॅरियर नावाचा तरुण इंजिनियर होता. १९०२ साली त्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा ताब्यात ठेवण्याची योजना आखली. तिथे उन्हाळ्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. म्हणजे त्या यंत्राची धडपड कागदासाठी होती. आणि ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द वापरला तो स्टुअर्ट क्रेमर नावाच्या माणसाने, १९०६ साली. तो अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना प्रांतातला, सूतगिरण्यांचा इंजिनियर. गिरणीत सुताला आणि कापडाला योग्य तेवढा ओलावा देऊन ठेवण्याच्या कामाला आधीपासून ‘कंडिशनिंग’ म्हणत असत. क्रेमरने तोच शब्द हवेला लावला. त्याला हवा थंड करण्यापेक्षा ओली आणि स्वच्छ करायची होती, कारण कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो आणि सूत तुटते.

भगिनींनो, हे ऐकून मी एकदम गप्प झाले, कारण माझे मामंजी गिरणीतले. आपल्या या नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वडिलधाऱ्यांकडून ऐकले असेल. इथला उन्हाळा कोरडा ठणठणीत, म्हणून हवेत ओलावा सोडणारी यंत्रे त्या मिलमध्ये फार जुन्या काळी बसवली होती. म्हणजे क्रेमरने शब्द दिला त्याच्याही आधी ही विद्या आपल्या गावात होती, फक्त तिला हे नाव नव्हते. मामंजी दुसऱ्या एका गिरणीत साच्यावर होते. ती गिरणी बंद पडून आता पुष्कळ वर्षे झाली. ते सांगत, “वरून फवारा चालायचा. खिडकी उघडायची सोय नाही. सूत तुटेल.” मे महिन्यात आत उकडे, वर ओली वाफ, त्यात कापसाचा भुगा. अंगातली बंडी पिळावी लागे. घाम वाळायचाच नाही, कारण हवेत आधीच ओल. घरी आले की ते अंगणात बाज टाकून नुसते पडून राहत. खोकला तर त्यांना शेवटपर्यंत होता.

मी त्यांना सांगितले, “मामंजी, तुमची गिरणी वातानुकूलित होती बरं का.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “होती ना. सुताला अनुकूल होती.” गेल्या वर्षी ते गेले. पण त्यांचे ते वाक्य माझ्यापाशी राहिले. हवा अनुकूल केली हे ठीक, पण कोणाला? शब्द तेवढे सांगत नाही, ते आपणच विचारावे लागते.

आपल्याकडे यंत्र येण्यापूर्वी माणसे काय करीत? वाळ्याचे पडदे दाराला लावून त्यांवर पाणी शिंपडीत. त्या पडद्याला इंग्रज लोक ‘टॅटी’ म्हणत, आपली ताटी तीच. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आपण भजनात म्हणतो, तिथे ताटी म्हणजे झोपडीचे दार. आणि आपण वऱ्हाडा-नागपूरकडे कूलरला गवताच्या ज्या चौकटी लावतो त्यांनाही ताट्याच म्हणतो. वाळ्याला इंग्रजीत ‘व्हेटिव्हर’ म्हणतात, तो शब्द तमिळमधून गेलेला आहे. इंग्रजांनी इथे असताना पेटीत पंखा बसवून, तिला ओल्या ताट्या लावून एक यंत्र केले होते. हाताने फिरवायचे. त्याचे नाव ‘थर्मॅन्टिडोट’, म्हणजे उष्म्यावरचा उतारा. नाव असे की उच्चारतानाच घाम यावा! ते नाव गेले, पण ती पेटी आपल्या कूलरची पणजी म्हणायला हरकत नाही. १९३४ साली मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला थंड हवेचा डबा जोडला. त्यात डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवीत आणि वाटेतल्या स्टेशनांवर नव्या लाद्या भरीत.

बर्फावरून आठवले. आपण दुकानात जातो आणि “दीड टनाचा एसी” म्हणतो. मला वाटे ते त्याचे वजन. मुलीला म्हटले, “भिंत पडेल गं.” ती हसली आणि तिने समजावले. जुन्या काळी बर्फाने थंड करीत, म्हणून हिशेबही बर्फाचा राहिला. अमेरिकी एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून काढणारा तो एक टनाचा एसी. आता दुकानदाराने टन म्हटले की गोंधळू नका.

कूलर आणि एसी यांतला फरकही तिच्याकडूनच कळला. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. कूलर म्हणजे मोठा माठच. म्हणून त्याला कोरडी हवा लागते आणि खिडकी उघडी लागते. आपल्याकडे नवतपात तो छान चालतो, मुंबईला दमट हवेत त्याचा उपयोग नाही, आणि पाऊस सुरू झाला की आपल्याकडेही नाही. एसीला उलट खोली बंद लागते. तो हवेतली ओल काढून घेतो, नळीतून जे पाणी टपकते ते त्या ओलीचेच. आणि आतली उष्णता तो नाहीशी करीत नाही, बाहेरच्या पेटीतून बाहेर फेकतो. वर यंत्राला लागलेल्या विजेची उष्णताही त्यात मिळते. आत जेवढे गार, त्याहून अधिक बाहेर तापते. केर झाडून शेजारणीच्या दारात लोटावा, तसेच हे.

आता मी जे बोलायला उभी राहिले ते बोलते. गेल्या मे महिन्यात नवतपात आमच्याकडे पाहुणे होते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. कूलर बैठकीत. सगळे तिथे बसलेले, पन्हे दिलेले, गप्पा रंगलेल्या. मी आत पोळ्या करीत होते. आमच्या स्वयंपाकघराला वर टिन आहे, खिडकी एक, तीही शेजारच्या भिंतीला टेकलेली. पंखा लावला तर गॅसची ज्योत विझते, म्हणून पंखा नाही. विसावी का बाविसावी पोळी असेल, तव्याच्या कडा मला दोन दिसू लागल्या. घाम थांबला होता. मला वाटले, बरे झाले, घाम थांबला. पुढचे आठवत नाही. मुलगी पाणी न्यायला आली म्हणून बरे. तिने मला ओढत मोरीत नेले, अंगावर पाणी ओतले, ओले पातळ गुंडाळले आणि रिक्षा आणवली. डॉक्टर म्हणाले, “आणखी अर्धा तास गेला असता तर अवघड होते.”

घरी आल्यावर मामंजींचे वाक्य आठवले. आमचे घर अनुकूल होते, पण बैठकीत. मला कोणी मुद्दाम उकाड्यात बसवले नव्हते. घरची माणसे चांगली आहेत. पण मला काही होते आहे हे मीच बोलले नाही, आणि त्यांना विचारायचे सुचले नाही. आता आमच्याकडे स्वयंपाकघरात वाफ आणि गरम हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला आहे. तो मुलीने स्वतः शिडीवर चढून बसवला. ज्यांनी शिडीबद्दल विचारले होते ते पाहुणे खालून शिडी धरून उभे होते! टिनावर चुना मारला. उन्हाळ्यात पोळी-भाजी सकाळी आठच्या आत होते, दुपारी चूल नाही. हे म्हणतात, “गार पोळी खाल्ली तर कोणी मरत नाही.”

तुम्हा सर्वांना माझे सांगणे असे. उन्हात किंवा चुलीपाशी डोके गरगरले, मळमळले, बोलणे बरळल्यासारखे झाले, घाम थांबला, तर ते दुखणे अंगावर काढू नका. बाईला सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला, लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा. आपल्या भागात कूलरचा धक्का बसून दर उन्हाळ्यात माणसे जातात. घरी एसी असेल तर १८ वर ठेवून वर पांघरूण घेऊ नका. २०२० पासून नवे एसी सुरू होतात तेच २४ अंशांवर असा सरकारी नियम आहे, तेवढ्यावर भागते आणि वीजही वाचते.

शेवटचे एक. मंडळाच्या सभागृहात एसी बसवण्यासाठी आपण वर्गणी जमवीत आहोत. माझा त्याला विरोध नाही, मीही वर्गणी दिली आहे. पण त्याची बाहेरची पेटी मागल्या भिंतीवर बसवायची असे ठरते आहे. त्या भिंतीला लागून टिनाची तीन घरे आहेत आणि तिथल्या तिघी आपल्याकडे कार्यक्रमाला भांडी घासायला येतात. आपल्या सभागृहाची उष्णता त्यांच्या चुलीपाशी जाऊन पडेल. पेटी गच्चीवर बसवता येते. नळी जरा लांब लागेल आणि थोडा खर्च वाढेल. माझी मुलगी म्हणते, ती मोजमाप करून देईल. आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार सभागृह उघडे ठेवावे. ज्या बाईच्या घरी टिन आहे तिने मुलाबाळांसह येऊन बसावे. ती सभासद आहे की नाही हे विचारू नये.

शिक्षिकाबाईंनी मला आणखी एक सांगितले. ‘कंडिशन’ हा शब्द मूळचा लॅटिन, आणि त्याचा मूळ अर्थ एकत्र बोलून ठरवलेली गोष्ट, असा आहे. मला हे फार आवडले. तेव्हा हवेचेही आपण सर्वांनी मिळून बोलून ठरवावे. येत्या सभेत हा विषय घ्यावा अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे.

शब्द एकदा सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणा. वा-ता-नु-कू-लि-त. छान! आता कोणत्याही खिडकीपाशी कोणी हसणार नाही.

माझे बोलणे गोड मानून घ्या. मला भाताकडे पाहायला हवे.